अंजनेरीजवळ जीप पलटी, इंजिन जाम: कृपया कुणी सांगेल का?

प्रेषक: गंगापूररोडकर
रविवार, रात्री १०:३०

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या पत्रांमध्ये हा विषय घुसवतोय, क्षमा असावी. पण आपल्या ई-मेल यादीवर नाशिकची आणि कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं आहेत, आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे. इथे टोरांटोत रात्रीचे साडेदहा, नाशिकला सोमवारची सकाळ उजाडलीये. मेकॅनिक दहाला येतोय.

धाकट्या भावाने काल दुपारी अंजनेरीच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावर जीप पलटी केली. बाबांची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजो डिझेल इंजिन. ओल्या मुरमावर मागचं चाक घसरलं, गाडी कुशीवर पडली आणि तशीच छतावर गेली. रोल बार होता, तिघांनीही पट्टे लावले होते, तिघंही आपापल्या पायांनी बाहेर आले. देवाची कृपा.

इंजिन उलट्या गाडीत चालूच होतं. भाऊ म्हणतो, पाच-सात सेकंदांत इंजिन बंद करायची स्टॉपची नॉब ओढली. ट्रॅक्टर येईपर्यंत चाळीस मिनिटं जीप चाकं वर करून पडून होती. सरळ केल्यावर गर्दीतल्या एकाने बसून सेल्फ मारला. ‘टक्’ आवाज झाला आणि सगळं थांबलं. पुन्हा मारला, पुन्हा ‘टक्’. आता जीप गावातल्या एका शेडमध्ये आहे. ऑईल मोजायच्या पट्टीवर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली आहे.

मेकॅनिक म्हणतो, ट्रॅक्टरने ओढू, दुसऱ्या गिअरमध्ये टाकू, सुटेल. करू द्यावं का?

गाडी विकून टाका असं कृपया कुणी लिहू नका. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, त्यांचा चष्मा अजून त्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

---

प्रेषक: डॉक्टरताई

जीपचं मला कळत नाही. भावाला आज दवाखान्यात दाखवून घे. पट्ट्याचा वळ पोटावर उमटला असेल तर जास्तच सांभाळायचं. पोटात दुखणं, उलटी, चक्कर, मान वळवताना मुंग्या, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही. तरुण पोरं ‘काही नाही झालं’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी आडवी होतात. तपासून आला की मला कळव.

---

प्रेषक: जुने सातपूरकर

बाळा, आधी भावाला फोन कर आणि सांग, ट्रॅक्टर लावायचा नाही. फोन ठेवल्यावर पुढचं वाच.

हे इंजिन मी हातांनी जुळवलेलं आहे. इगतपुरीला महिंद्राच्या इंजिन कारखान्यात नऊ वर्षं होतो. तुझे चार सिलिंडर मिळून २११२ सीसी, म्हणजे एकाचे ५२८. कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबण्याचं प्रमाण, २२ पट धर. पिस्टन अगदी वर पोचला की त्याच्या डोक्यावर जागा उरते साधारण २५ सीसी, चहाचे पाच चमचे. त्याहून जास्त ऑईल तिथे शिरलं असेल तर पिस्टन जाणार कुठे? हवा दबते, ऑईल दबत नाही. सेल्फने ‘टक्’ केलं ते त्यामुळेच. सेल्फची ताकद बेताची, म्हणून नुसतं थांबलं असण्याची शक्यता आहे. ट्रॅक्टर मागे जीपचं वजन आणि वेग घेऊन येतो, तो थांबत नाही. मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो, कधी मोडून ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आता ऑईल वर गेलं कसं? गाडी उलटी झाली की चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) सगळं ऑईल पिस्टनच्या खालच्या अंगाला येऊन साचतं आणि रिंगांमधून झिरपतं. चाळीस मिनिटं त्याला पुष्कळ झाली. शिवाय हेडवरच्या झाकणातलं ऑईल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून इनलेटला, म्हणजे हवा आत ओढायच्या वाटेला, जातं. आणि तुझ्या गाडीवर जुना ऑईल बाथ एअर फिल्टर (वाटीतल्या ऑईलने हवेतली धूळ धरणारा) असेल, तर त्याच्या वाटीतलं ऑईल तर सरळच मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे चारही सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीत, ओतलं जातं. ज्या सिलिंडरचा इनलेट वॉल्व्ह त्या वेळी उघडा होता, त्याच्या नशिबी जास्त.

म्हणून माझं एकच सांगणं आहे: ऑईलचा हिशेब लागेपर्यंत चावी फिरवायची नाही. पट्टीवर किती कमी आहे ते माप. फिल्टरच्या वाटीत किती उरलंय ते बघ. जिथे गाडी उलटी पडली होती तिथे जमिनीवर किती सांडलंय, तेही भावाला बघून यायला सांग. उरलेलं इंजिनाच्या आत आहे.

पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बॅटरी साधी असेल तर ॲसिड सांडलं असणार. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस यायचा थांबला की स्वच्छ पाण्याने धुवा. मग चारही हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना तापणारे) काढा. जुने प्लग गंजून बसतात आणि मोडतात. अडला तर जोर लावू नका, तो राहू द्या आणि त्या सिलिंडरची नोझल (डिझेल फवारणारी) काढा. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला गोटी (सॉकेट पाना) आणि लांब दांडा लावून हाताने फिरवा, हळूहळू, पूर्ण दोन फेरे. या इंजिनात हीटर प्लग प्री-चेंबरमध्ये, म्हणजे हेडमधल्या छोट्या कप्प्यात, उघडतो, सिलिंडरमध्ये नाही. ऑईलला बारीक वाटेने यावं लागतं, म्हणून घाई नको. भोकांवर फडकं टाका, तोंड जवळ नेऊ नका, पिचकारी उडते. प्रत्येक भोकासमोर वर्तमानपत्र धरा. कुठल्या सिलिंडरमधून काय आलं ते लिहून ठेवा: काळं ऑईल, डिझेलचा वास, की रेडिएटरचं हिरवं पाणी.

एवढं झालं की लिही. पुढचं मग सांगतो. विमा आहे का? असेल आणि स्वतःच्या नुकसानीचा असेल, तर इंजिन खोलण्याआधी कंपनीला कळवून सर्वेअर येऊ द्या.

---

प्रेषक: गंगापूररोडकर
सोमवार

काका, ट्रॅक्टर दारात आला होता. परत पाठवला. मेकॅनिक आधी थोडा रागावला, मग तुमचं पत्र भावाने वाचून दाखवलं तर स्वतःच गोटी घेऊन बसला. विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे, त्यामुळे सर्वेअरचा प्रश्न नाही. ताई, भाऊ तपासून आला, खांद्याला मुका मार आहे, बाकी ठीक.

एक, दोन आणि चार नंबरमधून (आम्ही रेडिएटरकडून मोजले) थेंब-थेंब आलं. तीन नंबरमधून जे आलं ते भाऊ व्हिडिओ कॉलवर दाखवत होता. दांड्यावर दोघं लोंबकळले तेव्हा अर्धा फेरा झाला, आणि फडक्याखालून काळं ऑईल फसकन बाहेर आलं, मडगार्डवरून खाली ओघळलं. सगळं काळं ऑईलच, पाणी नाही, डिझेल नाही. नंतर क्रँक मोकळा फिरतोय. फिल्टरची वाटी कोरडी ठणठणीत. डावं इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार) तुटलंय.

आता सेल्फ मारू?

---

प्रेषक: जुने सातपूरकर

नाही.

वाटी कोरडी म्हणजे तेवढं ऑईल अजून इनलेटमध्ये असू शकतं. मॅनिफोल्ड उतरवा, डिझेलने धुवा, पुसा, ब्रीदरची नळीही साफ करा. हा कंटाळा भारी पडतो. डिझेल इंजिन इनलेटमधून ऑईल ओढायला लागलं की तेच त्याचं इंधन होतं. मग स्टॉप ओढा नाहीतर चावी काढा, ते थांबत नाही, उलट पळतच जातं. म्हणून पहिल्यांदा चालू कराल तेव्हा एक माणूस जाड फळी घेऊन इनलेटच्या तोंडाशी उभा राहील. फडकं नको, हात तर नकोच. आणि भाऊ ड्रायव्हर सीटवर, गाडी चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेक आणि क्लचवर. पळायला लागलं तर ब्रेक दाबून क्लच सोडायचा.

माउंटिंग बदला, नाहीतर पंखा रेडिएटर खाईल. खालून चेंबर बघा. दगडाने आत पिचला असेल तर ऑईलची चाळणी तळाला टेकते आणि पंपाला ऑईल मिळत नाही. नवं ऑईल खुणेपर्यंत भरा. स्टॉपची नॉब ओढून ठेवून सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. मग डिझेलची एअर काढा आणि मग चालू करा.

---

प्रेषक: गंगापूररोडकर
गुरुवार

काका, चालू झालं! मी इथे रात्री अडीच वाजता फोन धरून उभा होतो. आधी निळा-पांढरा धूर इतका आला की शेड दिसेनाशी झाली. फळीची गरज पडली नाही. दहा मिनिटांत धूर कमी झाला, ऑईलचा दिवा विझलेला, खालून ठोका नाही.

पण मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाहीये. स्टिअरिंग हातात थरथरतंय. मेकॅनिकने एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून बघितला. एक, दोन, चारचा ढिला केला की इंजिनाचा आवाज पडतो. तीनला काहीच फरक पडत नाही.

---

प्रेषक: जुने सातपूरकर

तीन नंबर मेला आहे, पण कशाने, ते अजून ठरलेलं नाही. तीनची नोझल दोनला लावा, दोनची तीनला. मिसिंग नोझलबरोबर दोनवर गेली तर स्वस्तात सुटलात. तीनवरच राहिली तर हीटर प्लगच्या भोकाला डिझेलचं कॉम्प्रेशन गेज लावून चारही आकडे घ्या. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑईल घालून पुन्हा माप घेतात, तसं इथे करू नका, जागा मुळात लहान असल्याने आकडा फसवतो.

त्यानंतर तीनचा पिस्टन वर आणा, दोन्ही वॉल्व्ह बंद हवेत. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा त्या भोकातून सोडा आणि कान लावा. ऑईल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इनलेट किंवा सायलेन्सरमधून आवाज आला तर वॉल्व्ह. आणि कुठूनच हवा गळत नसेल, तरी कॉम्प्रेशन कमी असेल, तर सिलिंडर घट्ट आहे पण पिस्टन वरपर्यंत पोचत नाही. म्हणजे रॉड वाकलाय.

---

प्रेषक: गंगापूररोडकर
शनिवार

नोझल बदलून फरक नाही. गेजवरचा दाब, एक ते चार: २७, २६, १९, २७. हवा सोडली, भाऊ आणि मेकॅनिक दोघंही दहा मिनिटं कान लावून बसले. कुठेही गळती नाही.

मला वाटलं होतं तुम्ही शेवटी ‘चालवून बघा’ म्हणाल. आम्ही हेड उतरवलं. डायल गेजने (बारीक फरक मोजायच्या घड्याळाने) मोजलं, तर अगदी वर आल्यावरही तिसरा पिस्टन बाकीच्यांपेक्षा १.४ मिलिमीटर खाली आहे.

---

प्रेषक: जुने सातपूरकर

९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. पिस्टन एक मिलिमीटर खाली राहिला की डोक्यावर सहा सीसी जागा जादा. तुझ्याकडे झाली जवळपास नऊ. पंचविसाचे चौतीस झाले, २२ पटाचे साडेसोळा उरले. १९ चा आकडा तंतोतंत बसतो. त्या दोन ‘टक्’नी रॉड वाकवला. सेल्फसुद्धा फ्लायव्हीलचा वेग घेऊन फिरतो, पहिल्या पत्रात मी त्याला जरा हलकं लेखलं, ते माझं चुकलं. सेल्फ मारणाऱ्या त्या माणसाला दोष देऊ नका, मदत करायलाच बसला होता.

वाकलेला रॉड सरळ करून देतो असं कुणी म्हणेल. देऊ नका. एकदा वाकून सरळ केलेला रॉड मोडण्याचं ठिकाण स्वतःबरोबर घेऊन येतो. तिसरी लायनर (सिलिंडरची आतली नळी) नखाने तपासा, रॉड वाकला की पिस्टन तिरपा घासतो. बिग एंडचे (रॉड क्रँकला जोडतो तिथले) बेअरिंग शेल चारही काढून बघा, त्या पाच-सात सेकंदांत पंपाने हवा ओढली असणार. राखाडी, गुळगुळीत असतील तर ठीक. तांबूस दिसायला लागले असतील तर सगळा सेट नवा.

नवा रॉड आणाल तो काट्यावर घालून बाकीच्या तिघांशी वजन जुळवा. रॉडचे बोल्ट नवे घ्या, जुने परत वापरू नका. डिसेंबरात मी नाशिकला येतोय. हेड बसवायचं तोवर थांबलं असेल तर बोल्टना टॉर्क (मोजून आवळणं) मी स्वतः लावतो.