मदत हवी आहे : आईचं (वय ७६) जेवण फार कमी झालंय, आणि चातुर्मास तोंडावर आलाय

नमस्कार मंडळी,

आई कऱ्हाडला एकटी असते. बाबांना जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. घर, तुळस, संध्याकाळचा हरिपाठ सोडून तिने आमच्याकडे यावं असं मलाही वाटत नाही. त्यामुळे "तिला घेऊन या" हा सल्ला कृपया नको.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा गिरणीवाल्या काकांनी रस्त्यात थांबवून विचारलं, "आईंचं दळण हल्ली येत नाही, दुसरीकडे टाकता का?" घरी येऊन डबा उघडला, तर दिवाळीत भरून दिलेले गहू जवळजवळ तसेच. सोंडे झालेले. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "एकटीसाठी कुठं कणीक मळत बसू? भात टाकला की झालं."

वजन दिवाळीत ५२ किलो होतं, आता ४६ आहे. देवासमोरून उठताना हल्ली ती भिंतीला धरते. सहा-सात महिन्यांत वजन आपोआप पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर थांबायचं नसतं, हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. इथे तर त्याच्या दुप्पट उतरलंय, आणि आम्ही मुलं फोनवर "जेवलीस का?" विचारून "हो" ऐकत होतो. तिच्या "हो"मध्ये चहा-खारीही धरलेली असायची.

तपासण्या झाल्या आहेत. साखर बरी, किडनी आणि थायरॉईड ठीक, सोनोग्राफीत काही नाही. हिमोग्लोबिन ९.८ आणि बी१२ बरंच कमी. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, त्याने बी१२ कमी होऊ शकतं. त्यात ती माळकरी, म्हणजे अंडं-मासळीचा प्रश्नच नाही. इंजेक्शनं सुरू केली आहेत.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभराचं खाणं लिहून घेतलं : सकाळी चहा आणि दोन खारी, अकराला भात आणि पातळ वरण, चारला पुन्हा चहा, रात्री कपभर दुधात कालवलेला भात. यातून जेमतेम २० ग्रॅम प्रथिनं जातात. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे तिला सुमारे ५० हवीत. आई म्हणते, म्हातारपणी पोटाला हलकंच बरं. भूक कमी होते हे खरं, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. ती भागली नाही की स्नायू झिजतात. पडून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते आमच्या आत्याच्या वेळी पाहिलंय, म्हणून जीव घाबरा होतो.

दातांचंही आहे. कवळी तीन वर्षांची, आता सैल झालीय. टोचते म्हणून घरात काढून वाटीत ठेवते, म्हणजे भाकरी, उसळ, काकडी सगळंच बंद. नवीन करायला तयार नाही, "किती दिवसांसाठी करायची" म्हणते. त्यावर काय बोलायचं मला सुचत नाही.

आणि उपास. दोन्ही एकादश्या आणि सगळे सोमवार, महिन्याचे सहा-सात दिवस साबुदाणा. त्यात नुसता स्टार्च, शिवाय साखर चढते. आषाढी एकादशीपासून चार महिने ती एकभुक्त राहते. बाबा गेल्यावरही तिने नेम मोडला नाही. तो तिच्या श्रद्धेचा भाग आहे, मला तो मोडायला लावायचा नाही. पण या वजनावर चार महिने एकवेळ जेवण मला झेपत नाहीये.

एक गोष्ट मात्र मी तिथे असताना पाहिली. मी हुलग्याचं माडगं केलं, बाबांना आवडायचं तसं, लसूण घालून. दोघी समोरासमोर बसलो, तर ती दोन वाट्या प्यायली. हुलग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. चावायला काही नाही, चवीला तिचंच. म्हणजे पोट घेतंय. समोर कोणी नाही म्हणून ती रांधतच नाही, असं मला वाटतं.

तर विचारायचंय ते असं. कवळीशिवाय खाता येईल असं तुमच्या घरी काय करतात? मुगाचं धिरडं, पिठलं, नाचणीची आंबील एवढं मला माहीत आहे. उपासाला राजगिरा, दही, दाण्याची आमटी यांवर आई राजी होईल, पण प्रमाण कसं ठेवता? नेमाबद्दल आईशी कोणी बोललंय का, आणि कसं? पावडरचे डबे सुचवू नका, दोन आणले होते, दोन्ही तसेच पडून आहेत.

थोडी भर, दहा दिवसांनी : सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही आईला फोनवर वाचूनही दाखवले. कवळी बदलायची गरज नाही, आतून अस्तर घालून घट्ट करून मिळते असं एका ताईंनी लिहिलं होतं, त्याला आई लगेच हो म्हणाली. खर्च कमी म्हणून असेल.

दुसऱ्या एकांनी सुचवलं की नेम सोडायला सांगू नका, बदलायला सांगा : चातुर्मासभर रोज एका पानाला वाढायचा नेम. वरच्या खोलीत कॉलेजची मुलगी भाड्याने राहते, मेसच्या जेवणाला कंटाळलेली. आई अजून हो म्हणालेली नाही. "महाराजांना विचारते" म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून, "ती पोरगी तिखट खाते का गं?"

आता सांगा, मधुमेह असताना रात्री माडगं चालेल का, की ते दुपारीच बरं? घरी कोणाचा अनुभव असेल तर लिहा. रविवारी कऱ्हाडला जातेय, जाताना हुलग्याचं पीठ दळून नेणार आहे.