१९०६ ची खानदेश विभागणी : सोय की नुकसान?

तापीकाठ
१९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्हा तोडला. पूर्व खानदेशाचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. १९६० मध्ये जिल्ह्यांच्या नावांतूनही खानदेश गेला. माझ्या मते ही विभागणी आपल्या मुळावर आली. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे शेतकरी उठले, तेव्हा सरकारला फौज आणावी लागली होती. असा एकजूट मुलूख कुठल्या सरकारला हवा असतो?

सातपुडेकर
भाऊ, तुम्ही सांगितलेली तिन्ही गावं पूर्व खानदेशातच राहिली. मग एकी मोडली कुठे? आणि मधे ५४ वर्षं गेली, तेही बघा. जवळपास १०,००० चौरस मैलांचा जिल्हा होता हा. पूर्वेच्या रावेरपासून पश्चिमेच्या डोंगराळ अक्राणीपर्यंत एकच कलेक्टर, तोही धुळ्यात. रावेरच्या शेतकऱ्यानं दाद मागायला तिथवर जायचं? डोंगरातल्या भिल्लांकडे तर सरकार बंदोबस्ताच्याच नजरेनं बघायचं. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली ती त्यासाठीच. जिल्हा लहान होणं गरजेचंच होतं.

मोसमकाठची
दोघंही १९०६ लाच धरून बसलात. त्याआधी १८६९ मध्ये नाशिक जिल्हा केला, तेव्हा मालेगाव आणि बागलाण खानदेशातून काढून तिकडे जोडले. आमच्या बागलाणातल्या सटाण्याकडे आजही घरोघरी अहिराणी बोलतात, पण खानदेशाच्या चर्चेत आम्हाला कुणी धरत नाही. खरा तुकडा तेव्हा पडला.

तापीकाठ
ताई, हे अगदी मान्य. म्हणूनच म्हणतो, हद्दी आखताना लोकांना कुणी विचारलं नाही.

सातपुडेकर
पण अखंड खानदेश म्हणजे नेमका कोणता? खानदेशचे जुने सुलतान फारुकी, त्यांची आणि पुढे मोगल सुभ्याची राजधानी बुऱ्हाणपूर. ते आज मध्य प्रदेशात आहे. इंग्रजांचा जिल्हाच मूळ खानदेश मानायचा, तर तोही त्यांनीच आखलेला. माझी तक्रार उलटी आहे : १९०६ ला काम अर्धवट सोडलं. पश्चिमेच्या डोंगरातल्या अक्कलकुवा, धडगावच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी धुळं गाठावं लागायचं. नंदुरबार जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं.

तापीकाठ
नंदुरबार झाला ते योग्यच, त्याला माझा विरोध नाही. पण तापीच्या पाण्याचा प्रश्न निघाला की तीन जिल्हे तीन तोंडांनी बोलतात, आणि मुंबईत बसलेल्यांना तेच सोयीचं पडतं. यावर तुमचं उत्तर काय?