भरतीने माणसं मिळतात, मोल्डर नाही

'युद्धात सगळे तरुण भरती करा, कारखाने बायका सांभाळतील' हे म्हणणं अर्धंच पटतं. हेल्पर बदलता येतो. पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला मुरलेला मोल्डर, म्हणजे धातू ओतायला वाळूचे साचे करणारा कारागीर, उचलून मराठा सेंटरला (मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिथल्याच केंद्रात) पाठवलात, तर वाळूत ओल जास्त राहणार, कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं, पडणार आणि माल भंगारात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने इथंच मार खाल्ला. राखीव व्यवसायांची, म्हणजे भरतीतून वगळलेल्या कामांची, यादी होती, तरी हजारो खाणकामगार सैन्यात नि जास्त पगाराच्या कारखान्यांत गेले.

मग डिसेंबर १९४३ पासून मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी चिठ्ठ्याच काढल्या: नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा जुळला की पोरगा सैन्याऐवजी खाणीत. नकार दिला तर दंड किंवा तुरुंग. तरी सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात कोळसा फोडणारा थोडाच तयार होतो? बहुतेकांना कोळशाच्या डब्यांच्या वाहतुकीवर नि देखभालीवरच ठेवावं लागलं.