आजोबांची १९७० ची फियाट: नवी कोरी करावी की आहे तशीच जपावी?

पार्लेकर
परवा रविवारी बाबांना घेऊन हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्या बघायला गेलो होतो. ऊन चढायच्या आत पोचलो म्हणून गाड्यांच्या अगदी जवळ जाता आलं. एका मॉरिस मायनरचा मालक पोरांना साइड इंडिकेटर दाखवत होता, म्हणजे दिवा नाही, दोन दारांच्या मधल्या खांबातून एक केशरी पट्टी हातासारखी बाहेर येते आणि परत आत जाते, बाबा तिथून हलेचनात. तारांच्या चाकांच्या एमजी होत्या, रोल्सच्या जाळीत तर समोरची झाडं दिसत होती एवढं पॉलिश. पण मला सगळ्यात आवडली ती कडेला उभी असलेली डुक्कर फियाट, म्हणजे पन्नाशीच्या दशकातली जुनी फियाट ११००. पुढची दारं उलटी उघडणारी, बॉनेटवरचा रंग विटलेला, सीटची शिवण एका जागी उसवलेली ती तशीच. मालक म्हणाले रंग कंपनीचाच आहे, मी इंजिन आणि ब्रेक केले, बाकी कशाला हात लावला नाही.

आता मुद्दा. आमच्याकडे आजोबांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे, हँड गिअरवाली (गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी), पुढे सलग सीट. आजोबा २००९ ला गेले तेव्हापासून सोसायटीच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, मेअखेर गॅरेज रिकामं करायचंय, भंगारवाला दोनदा विचारून गेला. विकायची नाही यावर घरात एकमत आहे. बाबांना ती शोमधल्यासारखी चकाचक हवी आहे, आणि मला वाटतं की डाव्या मडगार्डवर आजोबांनी स्वतः ब्रशने मारलेला रंगाचा ठिपकासुद्धा राहू द्यावा. एक गॅरेजवाला म्हणाला जुनं इंजिन काढून टाका, आजकालचं बसवून देतो. काय करू? आणि इतकी वर्षं बंद असलेली गाडी सुरू तरी कशी करायची?

कार्बोरेटर
सगळ्यात आधी, बॅटरी लावून सेल्फ (स्टार्टर) मारू नका!! घाईघाईत सेल्फ मारून लोक चांगली इंजिनं घालवतात. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग प्लग बाहेरच ठेवून टॉप गिअर टाका आणि गाडी हलकेच पुढेमागे ढकला, इंजिन फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. नाही फिरलं तर जोर लावू नका, परत ऑइल, परत थांबा. पण ढकलायच्या आधी चाकं मोकळी आहेत का बघा, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि चाकातले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर नक्की जाम झालेले असणार. इंजिन सुरू झालं तरी ब्रेक केल्याशिवाय गॅरेजच्या बाहेर काढायची नाही.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा, जुन्या पेट्रोलचा डिंक होतो आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला, त्यासुद्धा इथेनॉल चालणाऱ्या, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. पार्ट्ससाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला जा, आणि जुना पार्ट हातात घेऊन जा, तोंडी वर्णन करून चुकीचाच मिळतो.

माहीमकर
ठिपका राहू द्या वगैरे ठीक आहे पण आधी पत्रा बघा हो. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा, एवढी वर्षं एका जागी उभी. आतलं मॅटिंग उचला आणि फ्लोअर खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे पडले तर कापून नवा पत्रा जोडावाच लागेल. दारांच्या खालच्या कडांना लोहचुंबक लावा, चिकटला नाही तिथे पत्र्याऐवजी आत पुट्टी भरलेली आहे. सडलेल्या पत्र्यावरचा ओरिजिनल रंग जपून काय करणार, दोन पावसाळ्यांत तो पत्र्यासकट गळून पडेल. मी तरी बाबांच्या बाजूने आहे, गाडी पूर्ण उघडून एकदाच नीट करा.

आरसीबुक
इंजिन बदलू नका, कितीही स्वस्तात सांगू देत. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुनी खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, तुमची त्यात बसते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल केलेला चालत नाही. नवीन नोंदणी असेल तर २०,००० रुपये आणि व्हीए सीरिजचा नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. फक्त मग ती रोज वापरायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. बाबांना रोज पार्ल्यात फिरवायची असेल तर विंटेजमध्ये न जाता साधं रजिस्ट्रेशनच रिन्यू करा.

त्याआधी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या असेल तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या. खरं तर हे तीन महिन्यांत करायचं असतं, तुम्हाला उशीर झालाय, पण बाकी सगळं याच्यावर अडेल.

काळीपिवळी
माझ्या वडिलांनी २२ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, म्हणजे तुमचीच फियाट, पुढे पद्मिनी नावाने निघालेली. तेच १०८९ सीसी इंजिन, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, त्या दिवशी वडील जेवले नाहीत नीट. आमची गाडी आम्ही भंगारात दिली, जागाच नव्हती ठेवायला. आता घरात तिचा फक्त मीटर आहे. रोल्स, ब्यूक लोक जपतातच, पण आपल्या शहरात बनलेली आणि आपल्या माणसांनी चालवलेली गाडी आपणच नाही ठेवली तर कोण ठेवणार. रंग नंतर ठरवा, आधी मेच्या आत तिला कोरडी जागा शोधा.

पार्लेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. आरसी आजोबांच्याच नावावर आहे, बाबा सोमवारी आरटीओत जातायत. आज सकाळी मॅटिंग उचललं, ड्रायव्हरच्या पायाखाली बद्द आवाज आहे, बाकी टणक. तर तेवढा पत्रा बदलायचा, इंजिन तेच, आणि मडगार्डला हात लावायचा नाही, हे बाबांनीच ठरवलं. ग्लोव्ह बॉक्समध्ये आजोबांची सर्व्हिसिंगची वही मिळाली, १९७० पासून प्रत्येक ऑइल चेंजचा किलोमीटर आणि तारीख. त्यात त्या ठिपक्याचीही नोंद आहे, "डावे मडगार्ड, गेटला घासले, घरीच रंगविले".

प्लग काढलेत. चौथा निघत नाहीये, त्याला काय करू?

कार्बोरेटर
अजिबात जोर लावू नका, तुटेल. बुडाशी डब्ल्यूडी-४० (जाम झालेलं सोडवणारा स्प्रे) मारून रात्रभर ठेवा, उद्या आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने फिरवा. आणि त्या वहीचे फोटो टाका प्लीज.