जुने सामान संस्थेला दिले तर ८०जीची (देणगीवरची आयकर) सूट मिळते का? (ठाणे)

ढोकाळीकर: मार्च २०२६ संपायच्या आत ढोकाळीहून ऐरोलीला लहान घरात जातोय. लोखंडी कपाट, सिंगल डोअर फ्रिज, स्टोरेजवाला डबल बेड आणि दोन खोकी भांडी द्यायची आहेत. संस्थेने २५,००० किमतीची पावती दिली तर सूट घेता येईल का? टेम्पो आणि हमाली मिळून १,५०० पर्यंतच जमेल.

कोपरी_पूर्व: येते की. पावतीवर किंमत लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. आमच्या ऑफिसात सगळे असेच करतात.

करसल्ला_वाशी: कृपया असे करू नका. कलम ८०जीच्या स्पष्टीकरण ५ मध्ये स्वच्छ लिहिलंय की देणगी पैशांच्या स्वरूपातच हवी. वस्तूंची पावती कितीची का असेना, वजावट शून्य. रोख दिलेत तरी २,००० पर्यंतच चालते, त्यापुढे चेक, यूपीआय किंवा बँक ट्रान्सफर.

सूट हवीच असेल तर सामान विका आणि पैसे ट्रस्टला ऑनलाइन द्या. घरात वापरलेले फर्निचर, फ्रिज विकले तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, दागिने मात्र त्यात धरू नका. पैसे देताना आपला पॅन द्या. ट्रस्ट १०बीडी (मिळालेल्या देणग्यांचा आयकर विभागाकडचा फॉर्म) भरते आणि ३१ मेपर्यंत तुम्हाला १०बीई (देणगीचा दाखला) मिळतो. तो नसेल तर नुसत्या पावतीवर विसंबू नका.

नेरुळ_सेक्टर१९: करसल्ला यांच्याशी सहमत, वस्तूंवर सूट नाही. बाकी टेम्पो २,५०० चा मोठा घ्या, छोट्यात कपाटाला पोचे पडतात.

घोडबंदरवाला: त्यांनी १,५०० म्हटलंय हो! आणि तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. नव्या कररचनेत ८०जी नाहीच, आणि २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट आहे. जुनी निवडायची तर रिटर्न मुदतीत भरायला हवे.

करसल्ला_वाशी: बरोबर. हिशोबही पाहा. १०,००० दिले आणि ट्रस्ट ५० टक्केवाली (देणगीच्या निम्म्यावरच वजावट मिळणारी) असेल, तर वजावट ५,०००. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट वाचतात १,०४०, ३० टक्क्यांत १,५६०. एवढ्यासाठी जुनी रचना घेऊ नका. गृहकर्जाचे व्याज, ८०सी (पीएफ, विमा वगैरेंची वजावट) सगळे मांडून मगच ठरवा.

कोपरी_पूर्व: पण पावती दिलेली असते ना ट्रस्टने?

करसल्ला_वाशी: ती सामान मिळाल्याची पोच. वजावटीचा पुरावा नव्हे.

सुतारकाम_कळवा: कराचे राहू द्या, बेडचे बघा. पार्टिकल बोर्डचा असेल तर खोलून पुन्हा जोडताना स्क्रूची भोके सैल होतात, म्हणून बऱ्याच संस्था घेत नाहीत. भोकात फेविकॉल लावलेली बांबूची काडी ठोका, रात्रभर सुकू द्या, वर आलेली कापा, मग बारीक भोक पाडून स्क्रू कसा. काडी न घालता नुसता जाड स्क्रू घातलात तर बोर्डाचा काठ फुटतो. प्लायचा असेल तर चिंता नाही. स्क्रू पिशवीत घालून फळीलाच चिकटवा.

नेरुळ_सेक्टर१९: भांडी गूंज या संस्थेला द्या, कपडेही घेतात. फर्निचरचे आधी विचारा.

घोडबंदरवाला: फ्रिज आदल्या रात्री बंद करून दार उघडे ठेवा, बर्फाचे पाणी पुसा. टेम्पोत उभाच न्या. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरते, मग लगेच चालू केला की बिघडतो. पोचल्यावर चार-पाच तास उभा ठेवून मगच प्लग लावा.

ढोकाळीकर: सर्वांचे आभार. नव्या रचनेतच राहतोय, ८०जी सोडले. विकून पैसे देण्यातही पडत नाही. कपाट आणि बेड आमच्या सोसायटीतल्या वॉचमनदादांना हवे आहेत, त्यांची खोली कोलशेतलाच आहे, हातगाडीवर होईल. फ्रिज जवळच्या बालवाडीला, टेम्पो फक्त तेवढ्यासाठी. बेड पार्टिकल बोर्डचाच निघाला. सुतारकाम, काडी किती जाडीची?

सुतारकाम_कळवा: भोकात दाबून बसेल तेवढी. ढिली बसली तर दोन घाला.