मदत हवी आहे : लेकरू थांबायला शिकतंय, घरातली मोठी माणसं ऐकंनात (एडीएचडी)

नमस्कार. आम्ही सेलूचे, जि. परभणी. मुलगा सात वर्षांचा, दुसरीला. दिवाळीनंतर संभाजीनगरच्या डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, थांबणं जमत नाही. गोळ्यांचं पुढं बघू, आधी तुम्ही दोघं पालक प्रशिक्षण करा म्हणाल्या. आठपैकी पाच सत्रं झाली, बरीचशी व्हिडिओ कॉलवर. दर वेळी रेल्वेनं जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

सत्रात शिकवलं ते असं : एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही जवळ जाऊन. शाबासकी लगेच, कारण 'रविवारी देऊ' म्हटलेलं या लेकरांच्या कामी येत नाही. म्हणून बरणी आणि चिंचोके. बहिणीचं बोलणं पुरं होईस्तोवर थांबला की एक चिंचोका. दहा झाले की मामंजींच्या गाडीवर शेताकडं चक्कर. परवा बहिणीच्या ताटातल्या भाकरीकडं त्याचा हात गेला, मधेच थांबला, मूठ आवळली अन् माझ्याकडं बघितलं. मी परात सोडून उठले, पिठाच्या हातानंच चिंचोका टाकला.

अडचण आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. मोबाईलसाठी आरडाओरडा केला की लक्ष द्यायचं नाही असं ठरलंय. वीस मिनिटं आम्ही दात आवळून बसतो, अन् आत्याबाई मागच्या दारानं मोबाईल देतात. "रडवून मारता का लेकराला?" मामंजींच्या मते एक रट्टा दिला की झालं. आमचे हे त्यांच्यापुढं तोंड उघडत नाहीत.

आजी-आजोबांना कुणी सत्राला बसवलंय का? अन् दुर्लक्ष सुरू केल्यापासून ओरडणं वाढलंच आहे, आमचं चुकतंय का?

प्रतिसाद (नांदेडहून)
ताई, सुरुवातीला वाढतंच. रडून मिळायचं ते मिळेना की पोरगं जोर लावतं, टिकून राहिलात तर उतरतं. पण विसाव्या मिनिटाला मोबाईल मिळाला तर 'वीस मिनिटं रडायचं' एवढंच तो शिकतो. मारणं, वस्तू फेकणं याकडं मात्र दुर्लक्ष नको, तिथं लगेच अडवायचं. आमच्या आईला समजावून काही उपयोग झाला नाही. शेवटी बरणीच तिच्या ताब्यात दिली, मग ती आमच्याहून कडक झाली.

धागाकर्ती
आभारी आहे दादा. बरणी आज देवघरापाशी नेऊन आत्याबाईंच्या हवाली केली. पहिल्याच तासात त्यांनी तीन चिंचोके फुकट टाकले. "गोड हसला" म्हणून. आता यांना काय सांगू?