कुंडीतल्या ओलाव्याचा आकडा हलतच नाही

प्रश्न: रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला ओलाव्याचा सेन्सर जोडलाय. माती कोरडी ठणठणीत असो की चिखल, येतं फक्त ० किंवा १! तीन रात्री कोड उसवतोय. आई म्हणते, बोट खुपसून बघ की.

उत्तर १: कोडला हात लावू नका. पायला अ‍ॅनालॉग इनपुटच नाही, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज त्याला मोजता येत नाही, फक्त आहे की नाही एवढंच कळतं. मध्ये व्होल्टेजचा आकडा करून देणारी एमसीपी३००८ चिप लागते. तिला ३.३ व्होल्टच द्या. पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत, माझा एक बोर्ड तसाच गेला.

उत्तर २: उघड्या दातांचा सेन्सर गंजतो. माझ्याचे दात हिरवे पडून झडले. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्याचा धातू झाकलेला असतो.

प्रश्नकर्ता: दोन्ही केलं. पण पाणी घातलं की आकडा ७८० वरून ३४० वर! उलटा कसा?

उत्तर २: कपॅसिटिव्हचं तसंच. ओल वाढली की व्होल्टेज उतरतं.